पिकअपमध्ये मशीन बसवताय? आधी वायर बघा



फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडे एकाच विषयाची विचारणा सुरू होते. जयंतीला दीड महिना उरलेला असतो. मंडळाने पिकअप ठरवलेली असते, गायन पार्टीची तारीख पक्की झालेली असते, आणि मग कुणीतरी विचारतो, "भाऊ, मशीनला बॅटरीची लाइन कॅबिनमध्ये कशी घ्यायची?" प्रश्न साधा वाटतो. एक लाल वायर, एक काळी वायर, दोन टोके बॅटरीला आणि दोन मशीनला. पोरे अर्ध्या तासात काम उरकतात आणि आवाजही येतो. पण आवाज आला म्हणजे काम बरोबर झाले असे होत नाही. म्हणून या वेळचे सदर आम्ही संपूर्ण याच एका वायरीला दिले आहे.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पिकअप ही काही एका दिवसाची हौस नाही. तीच गाडी सोमवारी खामगावला कापूस नेते, मंगळवारी चिखलीच्या बाजारात भाजी उतरवते, लग्नसराईत आंदण वाहते आणि एप्रिलमध्ये तिच्यावर भोंगे चढतात. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. महिन्याचा हप्ता चुकला की घरातल्या बाईच्या जिवाला घोर लागतो. अशी गाडी एका चुकीच्या वायरीपायी जळाली तर पत्र्याबरोबर एका कुटुंबाची भाकर जळते. आणि त्या वेळी कॅबिनमध्ये लेकरे बसलेली असली, तर पुढचे आम्ही लिहीत नाही.

गाडीतली आग किती वेळ देते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती आग वायरिंगची नव्हती, हे आम्ही स्पष्ट सांगतो. बस आधी उलटली, मग पेटली. पण दार दाबले गेले की आतल्या माणसाला मोजकी मिनिटेही मिळत नाहीत, एवढा धडा त्या रात्रीतून सर्वांनी घ्यायचा आहे. पिकअपच्या कॅबिनला दोनच दारे असतात आणि सीट, छत, चटई हे सारे पेट घेणारे असते.

घरची वायर गाडीत का चालत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. घरातला पंखा, टीव्ही, मिक्सर ज्या वायरीवर चालतो ती वायर मशीनला का पुरू नये, असे पोरांना वाटते. घरात वीज २३० व्होल्टने येते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. ताकद तेवढीच हवी असेल आणि व्होल्ट कमी असतील, तर विजेचा प्रवाह त्या प्रमाणात वाढतो. हा हिशेब शाळेत शिकवतात. वॅट भागिले व्होल्ट, उत्तर अँपिअर.

समजा २५० वॅट आवाजाचे मशीन आहे. जुन्या धाटणीची मशीन आवाजात जेवढी ताकद देतात त्याहून बरीच जास्त बॅटरीतून ओढतात, उरलेली गरम होण्यात जाते. पूर्ण आवाजाला ४०० वॅट धरा. घरच्या २३० व्होल्टवर हे पावणेदोन अँपिअर होतात. गाडीच्या १२ व्होल्टवर तेच सुमारे ३३ अँपिअर होतात, म्हणजे एकोणीस पट! घरी जी वायर थंड राहते तीच गाडीत तापते, याचे कारण हे आहे.

आता वायरीचे गणित बघू. दुकानात आपण एक एमएम, दीड एमएम, अडीच एमएम म्हणतो. तो आकडा तांब्याच्या आडव्या छेदाचा, म्हणजे चौरस मिलिमीटरचा असतो. एक एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध एका मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून इंजिनच्या कडेने, पत्र्याच्या भिंतीतून, पायाखालून सीटच्या मागे जायला साधारण पाच मीटर वायर लागते. पाच मीटरचा रोध ०.०८७५ ओहम झाला. यातून ३० अँपिअर ओढायला गेले तर एकाच वायरीत अडीच व्होल्टहून अधिक गळती होते, आणि जाणारी-येणारी मिळून पाच व्होल्टच्या वर. बॅटरीवर बारा असताना मशीनपाशी सातही पोचत नाहीत. मग आवाज फाटतो, ढोलाच्या ठोक्याला मशीन बंद पडते, आणि पोरे म्हणतात मशीन खराब आहे.

गळालेले व्होल्ट वायरीतच उष्णता होऊन राहतात. वरच्या हिशेबात एका वायरीत सुमारे ७९ वॅट उष्णता होते. घरच्या पंख्याला जेवढी वीज लागते तेवढी सारी त्या वायरीच्या आत तापण्यात जाते. वरून रबरी चटई, त्यावर पाय, बाहेर एप्रिलचे मलकापूर-नांदुऱ्याचे ऊन. त्या वायरीच्या प्लॅस्टिकचे काय होणार?

हीच पाच मीटर वायर दहा एमएमची घेतली तर गळती एका बाजूला पाव व्होल्ट आणि उष्णता जेमतेम आठ वॅट. मशीन तेच, बॅटरी तीच, फरक फक्त तांब्याचा. म्हणून आम्ही पुढचे मोजमाप सांगतो. पाच मीटरच्या अंतरासाठी १० अँपिअरपर्यंतच्या छोट्या मशीनला चार एमएम घ्या. २० अँपिअरपर्यंत सहा एमएम, ३० पर्यंत दहा एमएम आणि ६० पर्यंत सोळा एमएम घ्या. अंतर वाढले तर एक पायरी जाड घ्या. मशीन किती अँपिअर ओढते ते त्याच्या मागच्या पाटीवर किंवा सोबतच्या पत्रकात लिहिलेले असते. नसेल तर मशीनच्या मागे बसवलेला फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा, त्यावरून अंदाज येतो.

वायर घेताना आणखी एक फसवणूक टाळा. बाजारात जाड दिसणारी, स्वस्त, रंगीत वायर मिळते. तिच्या आत ॲल्युमिनियम असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. एक तार ब्लेडने खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर ती शुद्ध तांबे नव्हे. ती घेणेच भाग असेल तर दोन पायऱ्या जाड घ्यावी लागेल. आणि वायर बारीक तारांची, लवचीक असावी. घराच्या भिंतीतली एकेरी जाड तार गाडीच्या हादऱ्याने आतल्या आत तुटते.

फ्यूज मशीनसाठी नसतो, वायरीसाठी असतो

"मशीनला मागे फ्यूज आहे की, मग बॅटरीजवळ दुसरा कशाला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. याचे उत्तर नीट समजून घ्या, कारण जीव वाचवणारी गोष्ट हीच आहे.

मशीनच्या मागचा फ्यूज मशीनच्या आत काही बिघडले तर उडतो. पण बॅटरीपासून मशीनपर्यंतच्या वाटेत ती वायर कुठे पत्र्याला लागली, तर तो प्रवाह मशीनपर्यंत जातच नाही. तो बॅटरीतून निघतो आणि पत्र्यावाटे थेट बॅटरीत परत येतो. गाडीची सारी बॉडी बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेली असते ना! अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. सेल्फ मारताना इंजिन फिरवणारी ताकद हीच. ती एका साध्या वायरीतून गेली तर काही सेकंदांत वायर लाल होते. मशीनच्या मागचा फ्यूज मात्र शाबूत राहतो.

म्हणून पहिला फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून एक हाताच्या आत, म्हणजे दीड फुटाच्या आत बसवायचा. तिथून पुढची सारी वायर त्याच्या राखणीखाली येते. चार एमएमला १५ अँपिअर, सहा एमएमला ३०, दहा एमएमला ४० आणि सोळा एमएमला ८० अँपिअरचा फ्यूज पुरेसा होतो. फ्यूज मशीनच्या गरजेपेक्षा थोडा मोठा आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान, हा नियम.

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, तांब्याची तार वळवायची किंवा खिळा ठोकायचा, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. गाणे रंगात आलेले असते, लोक थांबलेले असतात आणि कुणी तरी शहाणा तार वळवतो. बंधूंनो, फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचे तोंड बंद करू नका. दोन फ्यूज जादा ठेवा, आणि दुसराही उडाला तर मशीन बंद करून वायर तपासा. पंधरा मिनिटे गाणे थांबल्याने कार्यक्रमाला बट्टा लागत नाही.

पत्र्याच्या भिंतीतून वायर कशी न्यावी

इंजिन आणि कॅबिन यांच्या मध्ये पत्र्याची भिंत असते. खरा धोका या भिंतीपाशी आहे. वायर बाहेरून आत येते ती याच भोकातून. भोकाची कड ब्लेडसारखी धारदार असते आणि गाडी सतत थरथरत असते. राजूर घाटातून चार खेपा झाल्या की वायरीचे प्लॅस्टिक त्या कडेवर घासून तांबे उघडे पडते. मग वर सांगितलेला प्रकार होतो, आणि तोही ड्रायव्हरच्या पायांपाशी.

आधी असलेले भोक शोधा. कंपनीने वायरींचा जुडगा किंवा एखादी केबल ज्या रबरी बुचातून आत आणलेली असते, त्यात बहुधा जागा असते. त्या रबराला बारीक छेद देऊन वायर सरकवता येते. जागा नसेल तर नवे भोक पाडावे लागेल. पण ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हात घालून, बॅटरी लावून बघा. पलीकडे ब्रेकच्या तेलाची नळी असते, डिझेलची नळी असते, कंपनीचे वायरिंग असते. अंधारात मारलेले ड्रिल ब्रेकच्या नळीला लागले तर ते लगेच कळतही नाही. ते उतारावर कळते.

भोक पाडल्यावर कड कानशीने गोल करा, त्यावर गंज न लागावा म्हणून रंग लावा, आणि भोकात ग्रोमेट नावाची रबरी कडी बसवा. ती चार-दोन रुपयांची वस्तू आहे, पण तिच्यावाचून वायर आत घेऊ नका. वायरीवर वरून खाचांचा काळा फ्लेक्सिबल पाइप चढवा. इंजिनच्या बाजूला वायर सायलेन्सरपासून, पंख्याच्या पट्ट्यापासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर ठेवा, आणि दर वीतभर अंतरावर टाय मारा. आत आल्यावर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरच्या आसपास लोंबती वायर राहता कामा नये. दाराच्या बाजूच्या पट्टीखालून ती मागे न्या. चटईच्या मधोमध, जिथे पाय आणि लेकरे असतात, तिथून नेऊ नका.

काळी वायर आणि जोड

लाल वायरीची सारे काळजी घेतात, काळीला कुणी विचारत नाही. जेवढा प्रवाह लालमधून जातो तेवढाच काळीमधून परत येतो. म्हणून काळी तेवढीच जाड हवी. बॉडीला अर्थ द्यायची असेल तर रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल मारून नट-बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा. पिकअपची कॅबिन चेसिसवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते. कॅबिनच्या पत्र्याला अर्थ दिली तर तो प्रवाह चेसिसला जोडणाऱ्या एखाद्या पातळ पट्टीतून जातो. मोठ्या मशीनला म्हणूनच काळी वायर सरळ बॅटरीच्या वजा टोकापर्यंत नेणे उत्तम.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड गाडीत चालत नाही. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पीळ सैल होतो. सैल जोड गरम होतो, गरम झालेला आणखी सैल होतो. थिंबल दाबायच्या पकडीने दाबा आणि वाटेत जोड ठेवूच नका. एक अखंड वायर घ्या.

लाइन कधीही हॉर्नच्या, हेडलाइटच्या किंवा चावीच्या वायरीतून काढू नका. सिगारेट पेटवायच्या सॉकेटमधूनही नको, त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचाच असतो. चावी बंद केल्यावर मशीन बंद व्हावे असे वाटत असेल तर रिले बसवा. चार टोकांचा साधा रिले येतो. ३० क्रमांकाला फ्यूजमधून आलेली बॅटरीची लाइन, ८७ ला मशीन, ८५ ला अर्थ आणि ८६ ला चावीवरची बारीक वायर. चावीच्या वायरीवर भार पडत नाही आणि मोठा प्रवाह रिलेतून जातो. मात्र ४० अँपिअरच्या रिलेवर ३० च्या वर भार टाकू नये. दोन मशीन असतील तर एक जाड वायर आत आणून तिथून दोन फाटे करा आणि प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज द्या.

माइकची वायर बॅटरीच्या वायरीबरोबर एका जुडग्यात बांधू नका. इंजिन वाढले की भोंग्यातून 'कूं' असा आवाज चढतो, तो बहुधा यामुळे. एक डाव्या बाजूने न्या, दुसरी उजव्या. आणि ज्या मशीनला १०० व्होल्ट लाइनचे टोक असते, त्यावरून भोंग्याकडे जाणाऱ्या वायरी उघड्या ठेवू नका. त्या टोकाला मशीन चालू असताना हात लागला तर चांगला झटका बसतो.

काम सुरू करताना बॅटरीची काळी केबल आधी काढा, आणि सारे झाल्यावर सर्वांत शेवटी लावा. कारण साधे आहे. काळी लागलेली असताना लालवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तिथेच चिकटतो. काळी सुटलेली असेल तर काही होत नाही. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, त्यातल्या एकाच बॅटरीतून बारा व्होल्ट चोरू नका, दोन्ही बॅटऱ्या खराब होतात.

झाले का बरोबर? तपासा

अर्धा तास मोठ्या आवाजात मशीन चालवा आणि मग वायरीवर, फ्यूजवर, प्रत्येक थिंबलवर हात ठेवा. कोमट लागले तर वायर लहान आहे किंवा जोड सैल आहे. साध्या मीटरने मशीन चालू असतानाच आधी बॅटरीवर आणि मग मशीनच्या टोकावर व्होल्ट मोजा. फरक अर्धा-पाऊण व्होल्टच्या आत असावा. एक व्होल्टच्या वर गेला तर वाट शोधत मागे या, दोष सापडेल.

बॅटरीचेही ऐकावे लागते. मिरवणुकीत गाडी मुंगीच्या पावलाने चालते, इंजिन हळू फिरते, आणि हळू फिरणारा डायनामो पूर्ण चार्जिंग देत नाही. ७० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ३० अँपिअरचे मशीन इंजिन बंद ठेवून कागदावर दोन तास चालते. प्रत्यक्षात तासाभरातच सेल्फ मारायला जीव उरत नाही. वेगळी बॅटरी ठेवायची असेल तर ती मागे हौद्यात, पट्ट्याने घट्ट बांधून, मोकळ्या हवेत ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती बंद कॅबिनमध्ये सीटखाली ठेवू नका. जनरेटर वापरत असाल तर त्याचा धूर कॅबिनकडे किंवा झोपलेल्या माणसांकडे येऊ देऊ नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

वायर नीट झाली तरी डोक्यावरच्या तारा राहतातच. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरारला जयंतीच्या मिरवणुकीतील गाडीवरची लोखंडी सळई विजेच्या ट्रान्सफॉर्मरला लागली आणि आपले दोन तरुण गेले. गाडीवरच्या चौकटीची, झेंड्याच्या काठीची उंची आदल्या दिवशी मोजा. मार्गावर पायी फिरून खाली आलेल्या तारा हेरा. काठीने तार उचलून गाडी काढण्याचा उद्योग कुणी करू नये, महावितरणच्या लाइनमनला आधी सांगून ठेवावे. एक शांत डोक्याचा माणूस पुढे चालवा. त्याचे काम नाचणे नाही, वर बघणे.

आवाजाबद्दल दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, शासनाने खास सूट दिलेले दिवस सोडून. वस्तीच्या भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल. परवानगीचा कागद पोलीस ठाण्यातून घेऊन गाडीतच ठेवा. आपल्या शाहिरांनी गावोगावी पायपीट करून गायले, तेव्हा त्यांच्याजवळ किती वॅट होते? वामनदादा कर्डकांचे शब्द लोकांच्या मनात राहिले ते अर्थामुळे. शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, छाती हादरली पाहिजे असे नाही. म्हातारी माणसे, पाळण्यातली लेकरे आणि परीक्षेला बसलेली पोरे वस्तीतच असतात, त्यांचाही विचार व्हावा. जाड वायर घातली की लहान मशीनही स्वच्छ वाजते, हा तिचा आणखी एक फायदा.

जयंतीनंतरची वायर

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. कार्यक्रम संपतो, मशीन उतरते, भोंगे जागेवर जातात. वायर मात्र गाडीतच राहते. टोकाला थोडी टेप, आणि सीटखाली गुंडाळी. बॅटरीकडची बाजू जोडलेलीच! पुढे वर्षभर त्या गाडीत कांदा भरतात, खताची पोती टाकतात, ऑक्टोबरात माणसे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. सीटखाली जॅक, पाना, साखळी असे लोखंड पडलेले असते. टेप सुटते, टोक लोखंडाला लागते आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना धूर येतो. म्हणून मशीन उतरवले त्याच दिवशी बॅटरीजवळचा फ्यूज काढून घ्या आणि गाडीच्या मालकाच्या हातात द्या. फ्यूज नसलेली वायर मेलेल्या सापासारखी, तिची भीती नाही.

गाडी दुसऱ्याची असेल तर वायरिंग करण्याआधी मालकाला विचारा, आणि विचारताना त्याच्या घरच्या बाईलाही सांगा. हप्ता तीही भरते. कंपनीच्या वायरिंगला हात लावला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही, म्हणून चौकटी वेल्डिंगने कायमच्या ठोकू नका, नट-बोल्टने बसवा आणि काढून घ्या.

कॅबिनमध्ये कोरड्या पावडरचे छोटे अग्निशामक आणि बॅटरीच्या नटाला लागणारा पाना हाताशी ठेवा. जळका वास आला की आधी मशीन आणि इंजिन बंद, मग माणसे बाहेर. ज्योत नसेल तरच काळी केबल काढा. बोनेटखाली आग असेल तर बोनेट एकदम उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. लांब व्हा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. गाडीपायी कुणी आत शिरू नये.

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. वर्गणीचा हिशेब मांडताना फुले, हार, कमान, मंडप यांच्या ओळीत 'वायर, फ्यूज, ग्रोमेट' अशी एक ओळ घाला. दहा मीटर चांगली वायर, दोन फ्यूज होल्डर, थिंबल आणि पाइप यांचा खर्च मशीनच्या भाड्याच्या मानाने फार नाही. आणि वस्तीतल्या आयटीआयला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला या कामाची जबाबदारी द्या. पुस्तकात शिकलेले हातात उतरेल, आणि गाडीच्या वायरिंगची कला आली तर बस स्टँडजवळ एक टेबल टाकूनही पोट भरता येते. मोठ्या माणसांनी शेजारी उभे राहून एकेक गोष्ट विचारावी: फ्यूज कुठे आहे? भोकात रबर आहे का? काळी किती जाड आहे? वायर गरम लागते का? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानाची मिळाली, की मग खुशाल माइक हातात घ्या.

पुढच्या खेपेला विहाराच्या आणि समाजमंदिराच्या मीटरबोर्डाविषयी लिहू. तिथेही पिळलेल्या तारांची कमी नाही.

जयभीम.